बिनआवाजाचा समुद्र

शाळा सुरू होऊन पाच महिने झाले, तरी दुसरीच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी एक अक्षर बोलली नव्हती. पोरांनी तिचं नावच 'गुपचूप' पाडलं होतं. बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं, तर तिने कपाळाला हात लावला.

"अहो बाई, घरी हिच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं!"

बाईंना ते खरं वाटेना, आणि खोटंही.

एका दुपारी त्यांनी पडदे ओढून प्रोजेक्टर लावला. भिंतीवर खोल समुद्र उजळला. निळा उजेड बाकांवरून, वह्यांवरून, मुलांच्या गालांवरून सरकू लागला. जेलीफिश छत्र्यांसारखे उघडत, मिटत वर चालले होते. पण आवाज येईना. बाईंनी वायर काढून घातली, स्पीकरला चापट मारली, शेवटी शिपाईकाकांना हाक मारली. काकांनी स्पीकर हलवून कानाशी धरला.

"याने मान टाकली, बाई."

मुलांना मात्र त्याचं काही नव्हतं. ती आ वासून भिंतीकडे बघत होती, जणू वर्गच सावकाश पाण्यात उतरला होता. बाई म्हणाल्या, "आज समुद्राला आवाज नाही. तुम्ही द्याल? मी हा व्हिडिओ घरी पाठवते. तो बघत बघत वाटेल ते बोला आणि मला पाठवा."

रेकॉर्डिंग येत गेली. एकाने मासे मोजले. एकाने दोन मिनिटं नुसतं 'बुडबुड बुडबुड' केलं. एकीच्या मागे आजोबा घोरत होते. सगळ्यांत शेवटी आलेलं बाईंनी शिक्षकांच्या खोलीत कानाला लावलं, आणि हातातला चहा तसाच राहिला.

त्यांनी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या आईला विचारलं, "वर्गात लावू का? तिला विचारून सांगा."

उत्तर आलं, "पडदे ओढणार ना, असं विचारतेय."

दुसऱ्या दिवशी पडदे ओढले, शेजारच्या वर्गाचा स्पीकर आणला. निळ्या अंधारात एक बारीक, ठाम आवाज उमटला.

"इथे खाली कुणी कुणाला घाई करत नाही. ही पांढरी आहे ना, ती आई आहे. ती पिल्लांना शोधत नाहीये. ती कुठे आहेत ते तिला माहितीये..."

"ही कोण?" एकजण कुजबुजला. "शूऽऽ," बाकीचे म्हणाले.

आवाज तरंगत राहिला. पिल्लं झोपली, मोठा मासा वाट चुकला, त्याला कुणीतरी वाट दाखवली. बाईंची नजर सहज फोनकडे गेली. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं. भिंतीवर समुद्र चालू होता आणि गोष्टही चालू होती, शेवटच्या बाकावरून. बाई जागच्या हलल्या नाहीत, मागे वळूनही बघितलं नाही. घंटा झाल्यावरही पडदे तसेच राहू दिले.

लख्ख उजेडात बोलायला तिला आणखी महिना लागला. एका सकाळी गणितं चालली असताना ती ताडकन उभी राहिली.

"बाई, हा माझं खोडरबर घेतो आणि देतच नाही!"

बाईंनी त्या पोराला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं. पण डोळे भरून आल्यावर नीट रागावता थोडंच येतं?