अंकाचा डाग

मुन्झिर चुलीत कागद कोंबत असतानाच विसाल स्वयंपाकघरात आली. आठ वर्षं ती चोरून छापत असलेल्या मासिकाचाच हा कालचा अंक होता. धाकट्या भावाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हे काय रे?"

"लष्कराची करामत, ताई. म्हणे शनिवारी शाळेच्या मैदानात निदर्शनाला जमू नका, सैनिक दबा धरून बसणार आहेत. घाबरवायला खोटा अंक काढलाय."

"खोटा कशावरून?"

"बघ की! नवरदेवाच्या सदऱ्यासारखा पांढराफेक. आपल्या अंकाला डाव्या कडेनं शाईचा पट्टा असतो. नाब्लुसमधलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तू म्हणे मास्तरीण!"

विसाल खाली बसली. शहराचा ताबा घेतलेलं लष्कर खोटी पत्रकं काढायचं, म्हणून लोक डाग पाहूनच अंक घरात घेत. तो डाग जुन्या यंत्राच्या गळक्या रुळाचा. धाडीच्या भीतीनं तिनं ते यंत्र फोडून टाकलं होतं. नव्यावर अंक स्वच्छ निघाला, तेव्हा ती खूशही झाली होती.

"सगळ्यांनी जाळले?"

"अख्ख्या गल्लीनं. अबू सखरनं त्यावर कॉफी उकळली. म्हणतो, लष्कराकडून पहिल्यांदाच काही फुकट मिळालं."

तिलाही हसावं लागलं. आज गुरुवार. शनिवारी मुन्झिर सगळ्यांत पुढं असणार. त्याला खरं सांगावं, तर पकडला गेल्यावर तो किती मार सोसून गप्प राहील?

शुक्रवारी सकाळी मावशीच्या बंद घरात तिनं पुन्हा तीनशे प्रती काढल्या आणि प्रत्येकीच्या कडेला अंगठ्यानं शाई फासली. दोनशेच्या पुढं अंगठा बधिर झाला. हे आता दुसऱ्या कुणी करावं, असं तिला वाटलं. पण दुसरं कुणी नव्हतं. अंक वाटणाऱ्या नेहमीच्या बायकांनी झातर मसाल्याच्या पिशव्यांतून प्रती नेल्या.

दुपारी मुन्झिर एक प्रत घेऊन आला. विसालचे हात मनगटापर्यंत कणकेत होते.

"हा अस्सल, ताई. पट्टा जरा जाड आलाय. घाईत असतील बिचारे." मग तो थबकला. "म्हणजे परवाचाही खराच होता?"

"असेल."

"मग आधीच नीट छापायला काय होतं यांना?"

ती कणीक तिंबत राहिली. शनिवारी सैनिक रिकाम्या मैदानाभोवती दुपारपर्यंत थांबले. मुन्झिर घरीच कुरकुरत लोळत होता. विसाल तपासायच्या वह्या पुढ्यात घेऊन बसली आणि पहिल्याच वहीवर डोकं टेकून झोपली.