मुक्कामाच्या यष्टीचं जेवण

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. भोरहून सुटलेली शेवटची यष्टी दिवेलागणीला धापा टाकत चढ चढते, देवळापुढं रात्र काढते आणि सकाळी शाळेची पोरं नि दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरते. कंडक्टर येत गेले, जात गेले, ड्रायव्हर मात्र एकच. आंबवड्याचे हैबतीमामा. सोपा सपाटीचा रस्ता मिळत असताना त्यांनी ही गाडी मागून घेतली होती. धुक्यात कुणी पळत येताना दिसलं, की ब्रेक लागायचा. बाळंतीण गाडीत असली, की गाडी अशी चालायची की कुशीतलं पोर जागं होऊ नये. बायांनी तर मामांच्या गाडीला ओवीत घेतलं होतं:

मुक्कामाची यष्टी आली, भोंगा वाजे चढणीला
लेक सासरून आली, हंडा ठेवा चुलवणीला

मामांच्या जेवणाला वाडीनं वार लावून दिले होते. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. वार कुणाचाही असो, ताटात उडदाची डाळ घोटून केलेलं पातळ घुटं ठरलेलं. मामांना घुटं जीव की प्राण, हे शेंबड्या पोराला ठाऊक. ती बातमी सोजराबाईची. मामा पहिल्या मुक्कामाला तिच्याच घरी जेवले होते आणि घुटं दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. तेव्हापासून सोजराबाई वाडीतून जरा ताठ मानेनं चालायची.

आता मामा निवृत्त व्हायचे होते. शेवटच्या मुक्कामाला देवळापुढं मांडव पडला. फेटा आणला, घोंगडं आणलं, साऱ्या वाडीचं जेवण ठरलं. घुट्याचा हंडा अर्थातच सोजराबाईकडं.

त्या दिवशी यष्टीतून मामांची बायको साधनावयनीही आल्या. मामांना बापई माणसांनी घेरलं, तशा वयनी पदर खोचून चुलवणापाशी आल्या.

"काय शिजतंय म्हणायचं?"

"घुटं. हैबतीभाऊंच्या आवडीचं," सोजराबाई म्हणाली.

"कुणाच्या?" वयनींना हसू फुटलं. "अवो, घरी उडीद शिजला तर हे ताटावरनं उठत्यात. एकदा म्या हट्टानं वाढलं, तर म्हनले, ते मला डोंगरावर खावं लागतं, हितं तरी सोड."

सोजराबाईचा हात रवीवर थांबला.

तिला तो पहिला मुक्काम आठवला. नवं लग्न, घुटं पातळ झालेलं. सासू पाहुण्यादेखत म्हणाली होती, "ह्ये घुटं हाय का हात धुवायचं पानी?" तिची नजर जमिनीत गेलेली, तेवढ्यात पाहुण्यानं वाटी पुढं केली होती. "लई झ्याक झालंय. आनखी वाढा."

सासू गप झाली होती. आणि ते एक वाक्य बिचाऱ्याला घरोघर भोवलं.

"वयनी," ती हळूच म्हणाली, "मंग आवडतं तरी काय त्यास्नी?"

"तांदळाची भाकर अन् लसणाची चटणी. बास."

गप्प बसली असती तर मान तशीच राहिली असती. सोजराबाई उठली. तीन धोंडे मांडून दुसरी चूल पेटवली, नव्या तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळलं आणि पांढरीशुभ्र भाकरी तव्यावर फुगवली.

पंगत बसली. फेटा बांधलेल्या मामांपुढं तिनं भाकरी-चटणी ठेवली. मामांनी ताटाकडं पाहिलं, मग बायकोकडं. वयनी आभाळाकडं बघू लागल्या.

"सोजराक्का, चुकलं तुमचं," शेजारचे गेनबा म्हणाले. "मानसाचा मान अन् त्येच्याच पानात घुटं न्हाई?"

"असू द्या, असू द्या," मामा घाईनं म्हणाले. "आना की घुटं. मला चालतं."

"न्हाई आणत," सोजराबाई म्हणाली. पंगत वर बघू लागली. "भाऊंना घुटं आवडत न्हाई. कवाच आवडलं न्हाई. सासू मला बोलली, माझी लाज राखायला मागून घेतलं त्यांनी. अन् म्या गावभर मिरवलं."

प्रत्येक घर आपापला वार आठवत होतं.

"आमच्याकडं तर तीन वाट्या प्याला होता, मामा," गेनबा म्हणाले.

"तुमची मालकीन पळी घेऊनच हुबी असायची," मामा खाली मान घालून म्हणाले.

मग जे हसू उसळलं, ते पार खालच्या वळणापर्यंत गेलं असेल. गेनबांची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. सोजराबाईही हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली.

"भाऊ, बोलायचं तरी एकदा."

"काय बोलू, बाई. सारी वाडी माझ्यासाठी डाळ घोटत बसायची. ते ताट मागं सारायला जीव होईना."

त्यांनी चटणीवर तेल ओतलं, भाकरीचा पापुद्रा काढला आणि डोळे मिटून घास चावला. कुणी वाढायला आलं नाही, कुणी आग्रह केला नाही. ताट रिकामं झालं. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, जरा लाजले.

"सोजराबाई, आनखी एक मिळंल का?"

"थांबा," ती म्हणाली, "गरम टाकते."