सहावा तुकडा

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. काज तपासताना ते डोळ्यांवर कधीच विसंबले नव्हते. टाका कुठे सैल पडला, कुठे दोरा उगाच दोनदा फिरला, हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं. त्यांनी तुकडा बाजूला सारला आणि दुसरा उचलला.

शिवणकामाच्या त्या लांबट खोलीतल्या सगळ्या मशिनी बंद होत्या. सुपरवायझर बाईंनीच त्या बंद करायला लावल्या होत्या. महिनाअखेर मास्तर निवृत्त होणार होते. हातकामाची त्यांची जागा कुणाला द्यायची हे आज ठरायचं होतं आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरावं, असा बाईंचा आग्रह होता. चौदा माणसं भिंतीला टेकून उभी होती.

दारात हमाल कापडाचा तागा खांद्यावर घेऊन आला.

"आत्ता नको, दादा," बाई म्हणाल्या. "आत महत्त्वाचं काम चाललंय. बाहेरच ठेवा."

हमाल आल्या पावली मागे वळला.

परीक्षेची पद्धत बाईंनी मोठ्या हुशारीने बसवली होती. तुकड्यांवर नावं नाहीत, पत्ते नाहीत, मागे फक्त नंबर. नंबरही इस्त्रीवाल्या मावशींनी लावलेले आणि यादीही त्यांच्याच पदरात. 'ड्रॉवरमधले सगळे नमुने काढा, इस्त्री करा, मला काही दाखवू नका,' एवढंच बाईंनी मावशींना सांगितलं होतं. बाईंचा न्याय बघून सगळे खूश झाले. न्यायाच्या आड दुसरंच काही शिजत होतं, याची मात्र कुणालाच गंधवार्ता नव्हती.

एकोणीस वर्षांपूर्वी बाई याच टेबलासमोर उभ्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला काजांचा नमुना त्यांनी मास्तरांपुढे ठेवला होता. मास्तरांनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि ती पुडी बोटाने टेबलाच्या कडेला ढकलली.

"पुलापलीकडच्यांचा हात जड असतो. इस्त्रीला लागायचं तर लाग."

"मास्तर, काही चुकलं का?" तिने विचारलं होतं. मास्तर खडू घेऊन पुन्हा कापडावर वाकले होते. उत्तर द्यावं इतकीही तिची किंमत नव्हती.

ती इस्त्रीला लागली. सात वर्षं वाफेत उभी राहिली, मग मशीनवर बसली, मग सुपरवायझर झाली. मास्तरांना रोज सकाळी हसून नमस्कार करायची, त्यांच्या गुडघ्यांची चौकशीही करायची. पण डूख धरावा तर असा. ती पुडी तशीच बांधलेली घरी नेली होती आणि आजही तिच्या कपाटात तशीच होती.

यंदा पाच जणींनी अर्ज केले होते. त्यातली एक पुलापलीकडची होती. पोरीच्या हातात जादू होती. ते काम बाईंनी स्वतः पाहिलं होतं. म्हातारा अंगठ्याने तिलाच निवडणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मग भर सभेत त्याला विचारायचं. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं,' इथपासून सुरुवात करायची, हेही त्यांनी आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं.

मास्तरांनी एक तुकडा हातात घेतला आणि अंगठा थांबला. तो मागे गेला, पुन्हा पुढे आला. मास्तरांनी तुकडा गालाला लावला.

"हा," ते म्हणाले. "बाकीचे बघायची गरज नाही. असं काज मी स्वतः कधी केलेलं नाही."

बाईंच्या कानशिलांत रक्त उसळलं. एकोणीस वर्षांत इतकं गोड वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"नक्की ना, मास्तर?"

"नक्की."

"मग आता सगळ्यांसमोर सांगा." त्यांचा आवाज त्यांनी ठरवला होता त्यापेक्षा वर चढला. "पुलापलीकडच्यांचा हात जड असतो का?"

मास्तरांनी चाचपडत चष्मा उचलला. "म्हणजे?"

"तुम्ही म्हणाला होतात. मला. याच टेबलावर. माझी पुडी सोडूनसुद्धा बघितली नव्हतीत तुम्ही."

मास्तरांनी चष्म्याच्या काड्या उघडल्या आणि पुन्हा मिटल्या.

"म्हटलं असेन," ते हळूच म्हणाले. "मला आठवत नाही."

हे बाईंच्या हिशेबात नव्हतं. ज्या वाक्यावर तिने उभं आयुष्य काढलं, ते म्हाताऱ्याला आठवतही नव्हतं. तिला त्याची मान धरून हलवावीशी वाटली.

"मावशी, नंबर वाचा. नाव मोठ्याने सांगा. ऐकू देत यांना."

मावशींनी तुकडा उलटा केला. "सहा."

"नीट बघा. माणसं पाचच आहेत."

"सहाच आहे हो. खालच्या ड्रॉवरमध्ये, रद्दीखाली एक पुडी होती. तुम्ही म्हणालात सगळे काढा, म्हणून काढली." मावशी बिचाऱ्या सरळपणे सांगत होत्या. "सुतळीची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती. मीच सोडली."

बाईंना पुडी आठवली. पंधरा दिवसांपूर्वी तागे उतरवून झाल्यावर हमालाने ती त्यांच्या टेबलावर ठेवली होती. बायकोची बोटं आखडल्यापासून तिच्या नावावर घरी येणारी काजं आपणच करतो, असं काहीबाही तो सांगत होता. बाईंनी त्याचे फावड्यासारखे पंजे पाहिले होते आणि त्यांना हसू आलं होतं. 'दादा, इथे काजं करायची असतात, पोती उचलायची नसतात.' तोही हसला होता. तो गेल्यावर त्यांनी पुडी ड्रॉवरमध्ये टाकली होती. त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. आत्तापर्यंत त्यांना ते आठवतही नव्हतं.

"कुणाचा आहे?" मास्तरांनी विचारलं. "बोलवा तिला."

"ती नाही, मास्तर. पुडीवर आपल्या हमालदादांचं नाव आहे," मावशी म्हणाल्या, आणि बाईंनी थांबवायच्या आत दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो दादा, आत या जरा!"

हमाल दारात आला. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला. त्याने दोन्ही हात शर्टाला पुसले. मग टेबलावरची सुटलेली सुतळी आणि आपला तुकडा त्याला दिसला. त्याने बाईंकडे बघितलं.

"मॅडम," तो म्हणाला, "काही चुकलं का?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तेही बाईंच्या तोंडाकडे बघू लागले.