धोट्याची गाठ

"काढायचा म्हंजे? आक्खा पाय?" अंजनानं विचारलं. डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीवर, पार वर, आडवा हात ठेवून दाखवला.

"इथून. ताई, हा मांसात होणारा कॅन्सर. लाखात एखाद्याला होतो. पाय ठेवला तर माणूस हाती लागणार नाही."

शेजारी बसलेल्या अतुलनं, तिच्या दिरानं, हातातली फाईल उघडून पुन्हा मिटली. अंजनाला तर आपण खुर्चीवर बसलोय की जमिनीवर, हेच कळेना. कॅन्सर? तंबाखूला बोट न लावलेल्या आपल्या नवऱ्याला? आणि मांडीत? असा कुठं कॅन्सर असतो होय!

दोष तरी कुणाला द्यायचा? नवरा जयसिंग कबनूरला कारखान्यात माग चालवायचा. चालू मागातून धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, कधी उसळेल आणि कुणाला लागेल, याचा नेम नसतो. त्याच्या खुणा अंगावर मिरवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. जयसिंगलाही मांडीत बसला होता. पुढं तिथं गाठ आली, तेव्हा ती धोट्याचीच, असं सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं. मग काय, वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकायचं! आख्खा पावसाळा अंजना शेकत बसली आणि गाठ आपली लिंबाएवढीची नारळाएवढी झाली.

"शेकल्यानं झाला का हो, डॉक्टर?"

"नाही. धोट्यानंही नाही. वेळ मात्र गेला."

"त्यास्नी आज सांगू नगासा. इंजेक्शनला भिऊन पळनारा मानूस हाय त्यो. एक रात तरी निवांत झोपू द्या."

"उद्या मात्र मी सांगणार. सही त्यांचीच लागते."

बाहेर बाकावर जयसिंग बसला होता. अंजनानं पदरानं तोंड पुसलं आणि उसनं हसू आणलं. "सादी गाठ हाय म्हनं. काडली की झालं."

"व्हय," जयसिंग म्हणाला. बस्स, एवढंच.

अतुल कामावर गेला आणि ही दोघं कबनूरला जाणाऱ्या एस.टी.त बसली. शिरोली मागं पडली तरी जयसिंग खिडकीबाहेरच बघत होता. मग तिच्याकडं न बघताच म्हणाला, "मांडीपासनं काडनार न्हवं?"

अंजनानं झटकन मान वळवली. "कुनी सांगितलं?"

"काचंचं दार हुतं की. डॉक्टर माज्याकडंच त्वांड करून बसलावता."

काय म्हणावं या बाईला! मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यातली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. ती स्वतः तिथंच कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. लग्नापासून अर्धा संसार दोघांनी असाच बिनआवाजाचा केलेला. आणि नेमकं आज तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"तू काय म्हनलीस त्ये दिसलं न्हाय. पाठ हुती तुजी."

"आज सांगू नगा म्हनलं."

जयसिंगनं मान हलवली. "उभ्यानं प्वाट भरनारा गडी मी, अंजना. पाय गेल्यावर मागापुढं कसा उभा ऱ्हानार? त्यापरीस जाऊ दे की सगळंच."

तेव्हा मात्र अंजनाचा तोल सुटला. "माज्या शेजारी बसून कांड्या भरा! बायकांचं काम म्हनून लाज वाटती व्हय? मला तुमी पायजे, तुमचा पाय नगं!"

सगळी एस.टी. मागं वळून बघायला लागली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. कबनूर आल्यावर उतरता उतरता जयसिंग म्हणाला, "उद्या सही करतो."

ऑपरेशन झालं, जीव वाचला. अंजना भिंतीला टेकून नुसती रडत होती, तेवढ्यात एका वॉर्डबॉयनं कापडात गुंडाळलेलं लांबट काहीतरी तिच्यापुढं धरलं.

"ह्ये काय?"

"पाय हाय, मावशी. घरच्यांनी न्यायचा आन् माती द्यायची."

असलंही काही करावं लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माणूस आत श्वास घेतोय आणि त्याला माती द्यायची? अतुल मागं सरला. शेवटी तिनंच तो हातात घेतला. केवढा जड होता! रिक्षात मांडीवर आडवा धरून, पदर झाकून, तिनं तो कबनूरपर्यंत आणला. बायकांनी मसणात जायचं नसतं म्हणे. ती गेली. अतुलनं खड्डा खणला, मूठमूठ माती दोघांनी टाकली. जयसिंगला यातलं तिनं एवढंच सांगितलं, की आपल्या गावात आणलाय.

तोही पुढं विचारायला गेला नाही. कुबड्या आल्या. तो बायकांच्या रांगेत बसून कांड्या भरायला लागला. आधी हसणाऱ्या बाया नंतर त्याच्याकडूनच गुंता सोडवून घ्यायला लागल्या. आणि दर तपासणीला अंजना रिपोर्ट येईपर्यंत दारातच उभी असायची.

पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, "आता कुठंही काही नाही. बरे झालात तुम्ही." ते ऐकूनही तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. चांगलं ऐकायची सवयच गेली होती तिची.

कबनूरला उतरल्यावर जयसिंग घराकडं वळला नाही. "दाव मला. कुटं पुरलास त्यो?"

ती हबकली. पण निमूट चालायला लागली. बाभळीखाली गवत माजलेलं होतं. तिनं बोटानं दाखवलं आणि तोंड फिरवलं.

जयसिंग कुबडीनं गवत बाजूला सारत पुढं गेला. मग त्यानं दोन्ही कुबड्यांवर भार टाकला आणि पायातली चप्पल काढली.