आजोबांची कपाटं आणि माझी मागची चाकं

मी एक जुनी मोटरहोम आहे. चाकांवरचं घरच म्हणा ना. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दाराशी पत्र्याची पट्टी ठोकली होती: भरल्या गाडीचं वजन साडेतीन हजार किलोच्या वर नको. रिकामी मी अठ्ठावीसशेची. म्हणजे माणसं, पाणी आणि सामान मिळून सातशे किलो मी वाहू शकत होते. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान होता.

मला विकत घेतलं एका सुताराने. माझी पातळ प्लायवुडची कपाटं त्याच्या डोळ्यांत खुपली. "ही कसली कपाटं? खोकी आहेत नुसती," म्हणत त्याने ती काढून टाकली आणि भरीव लाकडाची केली. मग खण, टेबल, पलंग. वर्षागणिक काहीतरी वाढतच गेलं. बघणारे तोंडभर कौतुक करायचे, आणि मीही फुशारून जायचे.

आता तो सुतार आजोबा झाला आहे. यंदा ते सून आणि सहा वर्षांच्या नातीला घेऊन डोंगरापलीकडे निघाले. निघण्याआधी त्यांनी एकेक पिशवी ताणकाट्याला अडकवून मोजली. तिघांची वजनं आणि टाकीतलं पाणीही धरलं.

"साडेपाचशे झाले. अजून दीडशेची सोय आहे," ते सुनेला म्हणाले. आपल्या हातची कपाटं मात्र त्यांनी मोजलीच नव्हती. ती त्यांना ओझं वाटतच नव्हती.

उतार लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. नात मागच्या पलंगावर झोपली होती, नेमकी उजव्या चाकाच्या वर. तो टायर तापून एका बाजूने फुगत चालला होता. मला ओरडायला तोंड नाही.

"बाबा, ब्रेक पार खाली जातोय," गाडी चालवणारी सून म्हणाली.

"गिअर उतरव. आणखी उतरव. घाबरू नकोस." आजोबा म्हणाले.

समोर वळण होतं, वळणाच्या बाहेर दरी. इंजिन किंचाळलं. सुनेने हँडब्रेक हळूहळू ओढत आणला आणि मी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले. नात पलंगावरून खाली घरंगळली आणि डोळे चोळत म्हणाली, "पोचलो का?"

ब्रेक थंड होऊ दिले, टाकीतलं पाणी सोडलं, चाक बदललं आणि पहिल्या गिअरमध्ये आम्ही पायथ्याच्या वजनकाट्यावर आलो. काटेवाला म्हणाला, "अडतीसशे. तीनशे जास्त."

"एकेक पिशवी मोजलीय मी," आजोबा म्हणाले.

"पिशव्या मोजल्यात हो. गाडी कधी मोजली होती?"

आजोबा माझ्या आत आले. मग त्यांनी पेचकस काढला.

"बाबा, राहू द्या. आपण सामान कमी करू," सून म्हणाली.

"सामान या खेपेला कमी होईल. ही कपाटं तर कायमचीच आहेत."

दुपारभर ते स्क्रू काढत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीवरचा आकडा ती नवी होती तेव्हाचा असतो. नंतर तुम्ही हौसेने जे जे जोडता, तेही आम्हालाच वाहावं लागतं. म्हणून निघण्याआधी आम्हाला, भरलेल्या असू तशा, एकदा काट्यावर उभं करा. त्या दिवशी माझ्या चाकावर एक लहान मुलगी गाढ झोपली होती, आणि मला तिच्या आजोबांना हाक मारता येत नव्हती.