फरिदाच्या गच्चीवरून बहल्याचा किल्ला

मस्कतच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ या वर्षी मधुवंतीकडे होतं. शहरातल्या वादी कबीर भागातल्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायची. तिने ओमानमधल्याच बहला गावचा जुना किल्ला निवडला. सलग तीन शुक्रवार ती एकटी दोनशे किलोमीटर गाडी चालवत गेली. भेटेल तो माणूस तिला किल्ल्यासमोरच्या चढावर पाठवायचा, कारण सगळे तिथूनच फोटो काढत. तिचेही चांगले आले, पण कुणीही काढले असते तसे.

चौथ्या शुक्रवारी ती चढाकडे वळलीच नाही. कॅमेरा खांद्याला अडकवून किल्ल्याखालच्या जुन्या गावात शिरली. एका दारात फरिदा नावाची म्हातारी लिंबं वाळत घालत होती. दर शुक्रवारी त्या चढावर कशाचा फोटो काढायला येतेस, असं तिने विचारलं. मधुवंतीचं अरबी दवाखान्यात पेशंटशी बोलून शिकलेलं, पण नीट चालणारं. तिने सगळं सांगितलं.

"तिकडून बघितलं तर वाटतं, इथे कुणी राहतच नाही," फरिदा म्हणाली आणि तिला घरात घेऊन गेली.

आतल्या जिन्याने ती तिला गच्चीवर नेऊ लागली; बाहेरच्या पुरुषाला तिथून वर कुणी नेलं नसतं. घरातल्या बायकांचे चेहरे फोटोत येता कामा नयेत, एवढंच फरिदाने बजावलं. वर गेल्यावर मधुवंती पाहतच राहिली. किल्ला थेट डोक्यावर आला होता. त्याच्या खाली मातीच्या भिंती, दोरीवरचे कपडे, पाण्याची टाकी. उन्हं कलेपर्यंत ती थांबली आणि अकरा फोटो काढून उतरली.

अंकाचे संपादक कृष्णकांतकाका यांना किल्ला आवडला, टाकी आणि कपडे मात्र आवडले नाहीत. ते कॉम्प्युटरवर पुसून टाकू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"नाही काका," मधुवंती शांतपणे म्हणाली. "पुसायचं असेल तर दुसरा फोटो घ्या, माझं नाव नको. हा घेणार असाल तर असाच घ्या."

काकांनी चष्मा काढून फोटो पुन्हा जवळून पाहिला. मग छापखान्याला फोन लावून त्यांनी तो जसाच्या तसा पाठवला, आणि पुढच्या वर्षी सूर गावचा समुद्र घ्यायचा का, असं तिला विचारलं.

"आधी जाऊन बघते," ती म्हणाली. "मग मी सांगेन."