पंधरा दिवसांचा पट्टा

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. माझी चिकटपट्टी आता चिकटते कमी आणि करकरते जास्त. शिवणयंत्राखालून निघालो तेव्हा माझ्या खोक्यात दोनशे भावंडे होती. इतक्या कमरा दुखतात तरी कुणाच्या, असे मला वाटले होते. पुढे जग पाहिले तेव्हा कळले, मित्रांनो, की आम्ही फारच थोडे होतो.

मला बेकरीतल्या एका भट्टीवाल्याने विकत घेतले. मैद्याचे पोते कमरेतून वाकून उचलायचे आणि उचलता उचलताच वळायचे, ही त्याची वीस वर्षांची रीत. त्यात पोट सुटलेले, आणि भट्टी तापेपर्यंत दोन सिगारेटी ठरलेल्या. एके दिवशी वळताना कमरेत उसण भरली आणि तो ओणवा तो ओणवाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले. "घाबरण्यासारखं काही नाही. पंधरा दिवस पट्टा लावा आणि कंबर जपा," त्या म्हणाल्या.

घोटाळा त्या 'जपा'ने केला. या घरात जपणे म्हणजे न वापरणे. चांगल्या कपबश्या जपलेल्या, म्हणून कपाटाबाहेर न आलेल्या. नवी चादर जपलेली, ती घडीवरच विरलेली. आता कमरेची पाळी आली. "अहो, हलू नका, सगळं हातात देते," बायको म्हणाली, आणि भट्टीवाला आडवा झाला तो दोन महिने.

"पट्टा आहे म्हणून निभावतंय," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. खरे सांगतो, मी फुगलो होतो. तो आंघोळीला गेला की बायको मला बांधून कपडे शिवायला बसे. रविवारी जावई मागून नेई; तो कचेरीत नऊ तास खुर्चीला खिळलेला. शेजारची परिचारिका रुग्णांना उचलून उचलून वाकलेली, तीही एकदा घेऊन गेली. घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय.

मग एक दिवस बेकरीचे मालक आले. "महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढं भट्टीवर दुसरा माणूस घ्यावा लागेल," ते खाली बघत म्हणाले. ते गेल्यावर भट्टीवाला भिंतीकडे तोंड करून पडला. मला त्याने आणखी घट्ट आवळून घेतले. मला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला पुन्हा दवाखान्यात नेले.

"पट्टा अजून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"तुम्हीच म्हणालात ना, जपा."

"अहो, जपा म्हणजे नीट वापरा. रोज चाला. पोतं अंगाशी धरून गुडघ्यात वाकून उचला, आधी अर्धंच. आणि ती सिगारेट सोडा."

तो आधी दारापर्यंत चालला, मग कोपऱ्यापर्यंत. दुखत होतेच, पण रोज थोडे कमी. मला तो एकेक तास उशिरा बांधू लागला, आणि मला ते मुळीच आवडले नाही.

महिना संपायला चार दिवस उरले असताना तो कामावर निघाला. मी खाटेवरच राहिलो. आठवण होऊन तो अर्ध्या वाटेवरून येईल, म्हणून मी दाराकडे कान लावून होतो. दुपार झाली. तो आला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला विसरू नका. माझी विनंती निराळी आहे. एखाद्या सकाळी घाईत मला घरी विसरलात, तर परत फिरू नका.